चौथं गॅस्केट

विनिता भोईरच्या घरी तेलाच्या कॅनवर लाल नेलपॉलिशची रेघ असायची. तांदळाच्या डब्यावर असायची, गाडीच्या डिझेलच्या झाकणावरही असायची. नखांना मात्र तिनं ते कधी लावलं नाही. आपल्या माघारी कुणी हात लावला तर कळावं, एवढ्याच कामासाठी ती बाटली तिच्या पर्समध्ये पडून असे. नारपोलीतल्या बाया हसायच्या. विनिता म्हणायची, "हसा. तुमचं काय गेलं न्हाय अजून."

तिचं गेलं होतं. माहेर वडप्याचं, हायवेला लागून भाताचं शेत. वडील वारले त्याच वर्षी सख्खा चुलता घरी आला आणि तिच्या आईला, बायजाबाईला, रेशनकार्डाचं काम आहे म्हणून रिक्षात घालून घेऊन गेला. बायजाबाई परत आली तेव्हा तिच्या अंगठ्याला शाई होती आणि रेशनकार्ड होतं तसंच होतं. पुढच्या उन्हाळ्यात शेतात मुरमाच्या गाड्या रिकाम्या झाल्या, लोखंडी खांब उभे राहिले, वर पत्रे चढले. चुलता मरेपर्यंत एकच वाक्य म्हणत राहिला, "मी काय केलं?" त्यानं एकदा जरी म्हटलं असतं की हो, मी केलं, तर विनिताचा राग कदाचित एका माणसापुरता राहिला असता. तसं झालं नाही, आणि तो सगळ्यांवर पसरला.

नवरा दीपेश अगदी उलटा. लूमच्या कारखान्यात त्याची उमर गेली, तिथल्या खडखडाटात दोन्ही कान अर्धे गेले. अर्धं ऐकू येत नसल्यामुळे की काय, त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं. बायको गाडी चालवायला शिकते म्हणाली तेव्हा तो फक्त "सावकाश शिक" म्हणाला होता.

विनिता शिकली आणि तिनं एक जुनी सात सीटची डिझेल गाडी घेतली. नारपोलीतल्या बायका वडप्याच्या गोडाऊनांत पॅकिंगला जायच्या, त्यांची ने-आण तिनं धरली. राहीबाई, गुणाबाई, रूपा आणि आणखी चौघी-पाचजणी दाटीवाटीनं बसायच्या. गोडाऊनचं गेट वेळेवर बंद व्हायचं. उशीर झाला की अर्ध्या दिवसाची हजेरी गेली. विनिताच्या गाडीला उशीर होत नाही, म्हणून बायका तिच्याकडे टिकून होत्या. ज्या गेटवर ती त्यांना उतरवायची, त्याच्या आतल्या बाजूला कधीकाळी तिच्या बापाचं शेत होतं. तिकडे न बघता गाडी वळवायची तिला सवय झाली होती.

मागच्या वर्षी गाडी धूर मारायला लागली. विनितानं ती राजनोली नाक्याजवळच्या चांगदेव तरेच्या गॅरेजला नेली. चांगदेव तिच्या माहेराकडचा, वडिलांच्या ओळखीतला, साठीला आलेला. त्यानं बोनेट उघडलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, "इंजिन बांधायला लागंल गो. पिस्टन, रिंगा, बेरिंगा, समदं."

"दुसरं काही न्हाय ना करता येत?"

"करता येतं. पन मग महिन्या-महिन्यानं माझ्याकडंच येशील."

इंजिन पुरतं खोलून नव्यानं बांधलं. गाडी घरी आली तेव्हा आवाज इतका मऊ होता की दीपेशला वाटलं बंदच आहे. विनिता मात्र आठवडाभर रोज सकाळी बोनेट उघडून बघत होती, काही काढून घेतलं तर नाही ना.

काही महिने बरे गेले. मग एका सकाळी अंजूरफाट्याच्या गर्दीत, दोन कंटेनरच्या मध्ये अडकलेली असताना, टेम्परेचरचा काटा लालवर चढला आणि बोनेटमधून वाफ उसळली. बायका आरडाओरडा करत उतरल्या. विनिता रस्त्याच्या कडेला उभी राहून फोन काढते तोवर मागून प्रितेशची पांढरी व्हॅन येऊन थांबली.

प्रितेश दीपेशचा चुलतभाऊ. तोही गोडाऊनच्या फेऱ्या मारायचा. काच खाली करून म्हणाला, "वहिनी, काय झालं? बायकांना बसव माझ्या गाडीत, सोडतो."

बायकांना हजेरीची घाई. त्या बसल्याही. व्हॅन गर्दीतून निघून गेली आणि विनिताच्या डोक्यात पहिला किडा वळवळला. हा नेमका मागे कसा?

चांगदेवनं गाडी बघितली. "हेड गॅस्केट गेलं," तो म्हणाला. तिला समजावं म्हणून त्यानं जुनं गॅस्केट हातात दिलं. भोकाभोकांचा पातळ पत्रा. "ह्यो खाली ब्लॉक, वर हेड. मधी हे. एका भोकात आग, दुसऱ्यात पानी, तिसऱ्यात ऑइल. एकमेकांत मिसळू नये म्हनून हे मधी बसतं. हेड बोल्टांनी दाबून धरलं की झालं."

पत्रा मधोमध, दोन मोठ्या भोकांच्या मध्ये, काळा पडून फाटला होता.

"नवीनच तर घातलं होतं तुम्ही."

"रेडिएटर चोकअप असंल. साफ करून देतो. हेडला फेसिंग पन मारून घेऊ, बसायची जागा सपाट झाली की चिंता न्हाय."

रेडिएटर साफ झाला. हेड लेथवर गेलं, त्याच्या खालच्या बाजूचा पातळसा थर घासून सपाट झाला, नवं गॅस्केट बसलं. गाडी आली आणि काही आठवड्यांत पुन्हा गेली. तीच वाफ, तोच पांढरा धूर, ऑइलची कांडी काढली तर दुधाच्या चहासारखं पाणी. आणि गॅस्केट फाटलेलं तिथंच, मधोमध.

त्या दिवसांत विनिता रिक्षानं जात-येत होती. एकदा राजनोली नाक्यावर रिक्षा थांबली असताना तिला चहाच्या टपरीवर दोघे दिसले. चांगदेव बाकावर बसलेला आणि प्रितेश त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता. चांगदेव मान हलवत होता. हो म्हणून की नाही म्हणून, ते रिक्षातून कळलं नाही. विनिता पुढे सरकून बसली, पदर डोक्यावरून ओढला. सगळं तिच्या समोर एका रांगेत उभं राहिलं. गाडी बंद पडली की बायका कुणाच्या व्हॅनमध्ये? प्रितेशच्या. गाडी कोण बांधतो? चांगदेव. दोघं कुठं भेटतात? इथं.

घरी येऊन तिनं दीपेशला सांगितलं. त्याला दोनदा सांगावं लागलं. ऐकून तो म्हणाला, "चा पीत असतील."

"तुम्हाला कुणी विकून आलं तरी तुम्ही म्हणाल चा पीत असतील."

तिसऱ्या वेळी मात्र ती तयारीनं गेली. गॅरेजमध्ये एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसली ती उठलीच नाही. हेड लेथवर न्यायचं होतं तेव्हा रिक्षात हेड मांडीवर घेऊन स्वतः गेली. चांगदेव म्हणत होता, पट्टी लावून बघितली, सपाट आहे, फेसिंगची गरज नाही. पण गरज नाही असं जो म्हणतो तोच काहीतरी लपवतो, हा तिचा हिशेब. तिनं हट्टच धरला. लेथवाल्या चाचांच्या डोक्याशी उभं राहून ती चकचकीत चुरा पडताना बघत राहिली.

चाचा वैतागून म्हणाले, "बहनजी, हेड है, आलू नहीं. कितना छीलोगे?"

"पूरा साफ करो. मेरे सामने करो," ती म्हणाली.

हेड बसलं. चांगदेवनं टॉर्क पाना लावला. हा पाना ठरावीक जोर आला की 'टक' करतो, म्हणजे बोल्ट हवा तेवढा घट्ट झाला. एकेक बोल्टवर टक, टक ऐकू आलं. ती प्रत्येक आवाज ऐकत होती. शेवटचा झाल्यावर ती म्हणाली, "थांबा, कव्हर लावू नका," आणि पर्समधून नेलपॉलिश काढून प्रत्येक बोल्टवर एक बारीक रेघ ओढली. बोल्टच्या डोक्यावरून, खालच्या वायसरवरून, म्हणजे बोल्टखालच्या चपट्या चकतीवरून, थेट हेडपर्यंत. बोल्ट कुणी सैल केला तर रेघ तुटणार.

चांगदेव हातातलं फडकं घेऊन बघत उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "माझ्यावर नजर ठेवतीस व्हय गो?"

विनितानं बाटलीचं झाकण लावलं. "सगळ्यांवरच ठेवते, दादा."

"तुझा बाप मला घरची किल्ली देऊन जायचा."

"म्हणूनच तर शेत गेलं," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिलाच ते लागलं, पण शब्द परत घेण्याची तिला सवय नव्हती.

हे गॅस्केट तर आठवडाही टिकलं नाही. राजनोलीच्या पुलावर गाडीनं पाणी फेकलं, डॅशबोर्डखालून पुढं बसलेल्या राहीबाईच्या पायावर गरम शिंतोडे उडाले. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका प्रितेशच्या व्हॅनच्या थांब्यावर उभ्या दिसल्या. एकटी रूपा विनिताच्या दारात आली. "ताई, मी थांबले असते, पन माझी हजेरी..." विनितानं तिला जा म्हटलं.

मग ती चपला घालून थेट प्रितेशच्या घरी गेली. दारात त्याची बायको हेमाली कपडे वाळत घालत होती.

"तुझा नवरा कुठाय? त्याला विचार, चांगदेवला टपरीवर काय शिकवत होता. माझी गाडी कोण बिघडवतो ते मला म्हाईत हाय."

हेमाली ओला टॉवेल हातात धरून नुसती बघत राहिली. प्रितेश आतून आला. त्याचा चेहरा पांढरा पडला, ते विनितानं बघितलं. "वहिनी, कायपन काय बोलतेस," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. निरपराध माणूस अशी नजर चुकवत नाही. विनिताला जे हवं होतं ते मिळालं होतं. आता फक्त पुरावा हवा होता, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं लाल रेघेत लिहून ठेवला होता.

दुपारी ती गॅरेजला गेली. "कव्हर माझ्यासमोर उघडा."

चांगदेवनं कव्हरचे स्क्रू काढून ते उचललं. विनिता वाकली. ऑइल पुसून एकेक रेघ बघत गेली. कडेच्या बोल्टांवर रेघ सरळ होती. मधल्या बोल्टांपाशी आली आणि तिचं बोट थांबलं.

"हे बघा. फिरवलंय. मी म्हणत होते ना! हा कुणी खोलला?"

चांगदेव चष्मा लावून वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "बोल्ट कुठं फिरलाय? नीट बग. बोल्टावरची रेघ आन् हेडवरची रेघ समोरासमोर हाय. मधलं वायसर तेवढं फिरलंय."

खरंच तसं होतं. वरची रेघ जागेवर, खालची जागेवर, मधला वायसरवरचा लाल ठिपका पार भलतीकडे.

"मग वायसर फिरवलं असंल."

"बोल्ट न खोलता? त्याच्यावर एवढ्या जोरानं बोल्ट बसलाय. वायसर हलायलाच नको, फिरायची बात लांब." त्यानं टॉर्क पाना घेतला, मधल्या बोल्टला लावून जरा दाब दिला. टक. म्हणजे बोल्ट घट्ट. मग त्यानं बारीक स्क्रू ड्रायव्हरचं टोक वायसरच्या कडेला लावलं आणि ढकललं.

वायसर गरकन फिरलं.

बाहेर हायवेवर कंटेनरचे हॉर्न चालू होते. चांगदेवनं पुन्हा ढकललं, वायसर पुन्हा फिरलं. त्यानं दुसरा मधला बोल्ट बघितला. तिथंही तेच.

"घट्ट हाय, पन दाबत न्हाय," तो स्वतःशीच म्हणाला. "कसा काय?"

त्यानं बोल्ट बाहेर काढला, उजेडात धरला. खालचं टोक घासून आरशासारखं चमकत होतं. त्यानं एक बारीक सळई बोल्टच्या भोकात सोडली, बोटानं खूण धरून बाहेर काढली आणि बोल्टला लावून बघितली. मग तिथंच स्टुलावर बसला.

"बोल्ट खाली तळाला टेकतोय गो. भोकाच्या बुडाशी. पान्याला वाटतं घट्ट झाला, म्हनून टक करतो. पन हेडवर त्याचा दाबच न्हाय. मधी हेड मोकळंच. म्हनून दर वेळी मधीच फाटतं."

"आधी का नाही टेकत होता?"

चांगदेवनं हेड उतरवलं, कडेनं जाडी मापली. मान हलवली. "जेवढं पायजे तेवढं जाड न्हाय हे. तू घेतलीस त्याच्या आधीच कुनी तरी फेसिंग मारलेलं दिसतंय. मग मी मारलं. पुना मारलं. हेड पातळ झालं तसा बोल्ट खाली खाली गेला. आन् ह्या मधल्या भोकांच्या बुडाशी जुना मळ दगडासारखा बसलाय, तिथं तो आधी टेकला."

विनिताला लेथवरचा चुरा आठवला. पहिलं गॅस्केट महिने चाललं, दुसरं आठवडे, तिसरं दिवस. दर दुरुस्तीनं गाडी जास्त बिघडत गेली होती, आणि शेवटचं फेसिंग तर तिनं भांडून मारून घेतलं होतं. कुणाचा हात शोधायला ती वाकली होती आणि तिथं कुणाचाच हात नव्हता. तिला एकदम रिकामं वाटलं.

चांगदेव फडक्यानं हात पुसत होता. "चूक माझी हाय," तो म्हणाला. "इंजिन बांधलं तेव्हाच हेडची जाडी मापायला पायजे होती. भोकं साफ करून सळई टाकायला पायजे होती. सपाट हाय का तेवढंच बघितलं. माझं चुकलं."

त्याच्या आवाजात काकुळती नव्हती, की कुणावर ढकलणं नव्हतं. विनिता त्याच्याकडे बघत राहिली. आजवर तिच्या समोर कुणी असं म्हटलं नव्हतं. ह्या एका वाक्याची वाट बघत आई म्हातारी झाली होती, आणि ते वाक्य म्हणायला एवढंसंच लागतं, हे तिला आज कळत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते तेलकट मनगटानं पुसलं, गालावर काळा पट्टा उठला.

पण किडा अजून एक होता. "दादा, टपरीवर प्रितेश काय सांगत होता?"

चांगदेवनं उसासा टाकला. "म्हनाला होता. 'वहिनीला सांगा इंजिन संपलं, गाडी विकून टाका. गिऱ्हाईक मी देतो.' मी न्हाय म्हटलं. वर शिव्या दिल्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मलाबी त्यातच धरलं असतंस. आन् घरात आग लागली असती."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आपला संशय अर्धा बरोबर निघाला याचा आनंद होईल असं तिला वाटलं होतं. झाला नाही.

हेड टाकून द्यावं लागलं. चांगदेवनं पूर्ण जाडीचं एक वापरलेलं हेड शोधून आणलं आणि आधी मापलं, मग तिला दाखवलं. भोकांतला मळ खरवडून, हवा मारून काढला. प्रत्येक बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवून, खाली किती मोकळी जागा उरते ते बघितलं. मग चौथं गॅस्केट बसलं. पाना टक करत गेला तसं तो प्रत्येक वायसर ढकलून बघत होता. एकही हललं नाही.

विनिता गाडी घेऊन आधी प्रितेशकडे गेली. तो व्हॅन धुत होता. तिला बघून पाइप त्याच्या हातातून खाली गेला.

"गाडी तू बिघडवली नव्हतीस," ती म्हणाली. "ते मी हेमालीसमोर बोलले, ते चुकलं. तिला पण सांगते."

प्रितेशनं मान खाली घातली. पाणी त्याच्या पायांवरून वाहत होतं.

"पण विकायला लावायचं तू बघत होतास. खरं की न्हाय?"

त्यानं नळ बंद केला. "खरं हाय, वहिनी. माझ्या व्हॅनला फेऱ्या पुरत न्हायत. वाटलं, तुझी बंद झाली तर..."

"मला येऊन सांगायचं होतंस. पलीकडच्या गल्लीतल्या बायका मला रोज विचारतात, गाडीत जागा हाय का. मी न्हाय म्हणते. त्या तुझ्याकडे पाठवल्या असत्या."

हेमाली दारात आली होती. विनिता तिच्यापाशी गेली, दोघी उंबऱ्यात थोडा वेळ बोलल्या. हेमालीनं चहा टाकते म्हटलं. विनिता बसली नाही, पण पुढच्या वेळी बसेन म्हणाली. दीर-भावजयीचं पूर्वीसारखं काही झालं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या बायका मात्र दुसऱ्या आठवड्यापासून व्हॅननं जाऊ लागल्या.

तिच्या जुन्या बायका हळूहळू परत आल्या. राहीबाई सगळ्यांत शेवटी, आणि आली ती गरम पाण्याच्या बाजूला बसणार नाही म्हणत मागच्या सीटवर. उन्हाळा गेला, अंजूरफाट्याच्या गर्दीत गाडी तासन्‌तास रखडली, काटा मधोमधच्या खाली राहिला.

दिवाळीनंतर एकदा सगळ्या उतरून गेल्या तरी रूपा बसूनच राहिली. "ताई, मला शिकवाल गाडी? मागल्या वर्षी भावाला विचारलं तर तो हसला."

गाडी घेतल्यापासून, गॅरेज सोडलं तर, स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. दीपेशचाही नाही. विनितानं तिच्याकडे निरखून बघितलं. हिला कुणी पाठवलं का, हिच्या मनात काय आहे, हे प्रश्न आले, आणि ती ते येऊ देत बसून राहिली. शेवटी म्हणाली, "रविवारी ये. लवकर."

रविवारी वडप्याला गोडाऊनांच्या मधला रस्ता मोकळा असतो. विनितानं गाडी उभी केली, उतरली, वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसली. तिथून तिला पहिल्यांदाच पत्र्यांच्या पलीकडे, जिथं शेत होतं तिकडे, निवांत बघता आलं. रूपानं गिअर टाकला. गाडी एक झटका खाऊन पुढे निघाली.

"क्लच सावकाश सोड," विनिता म्हणाली. हात मात्र तिनं हँडब्रेकवरच ठेवला होता.